तळाचं कापड

वाटण्यांच्या दिवशी थोरलीने इस्त्रीचं टेबल मागितलं तेव्हा घरातले सगळे हसले होते, पण आज विचाराल तर एकही जण कबूल करणार नाही. धाकटा म्हणतो, मला ठसका लागला होता. ताई म्हणते, मी धाकट्याला हसले. धाकट्याची बायको, धाकटी, काहीच म्हणत नाही, कारण ती त्या वेळी काचेच्या कपाटात डोकं घालून चमचे मोजत होती.

मागच्या वर्षी थोरलीचा नवरा, म्हणजे थोरला, गेला आणि त्याच्या मागे पाठच्या खोल्यांसकट लाँड्री विकायची हे आपोआपच ठरलं. दुकान बाबांच्या नावाचं, म्हणजे आता सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. घेणारा माणूसही मिळाला. आतल्या सामानातलं एकेक ज्याने त्याने उचलायचं ठरलं. धाकटीने काचेचं कपाट घेतलं, आतल्या चांदीच्या चमच्यांसकट. ताईने आईचं शिलाई मशीन घेतलं. धाकटा विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, त्याला लाँड्रीतलं काय कामाचं. तरी त्याने पितळी वजनकाटा घेतला, दिवाणखान्यात शोभेला. उरली थोरली.

"मला टेबल द्या," ती म्हणाली.

"कुठलं?"

"इस्त्रीचं."

"घ्या हो वहिनी, घ्या! वरच्या चिंध्यांसकट घ्या!" धाकटा म्हणाला, आणि मग तो ठसका.

चिंध्या म्हणाला ते अगदीच खोटं नव्हतं. टेबल चांगलं लांबरुंद, दोघांनी समोरासमोर उभं राहून हॉटेलची मोठी चादर पसरावी एवढं. पण त्याच्यावर गादी म्हणून ब्लँकेटांचे थरावर थर. कुठल्याही लाँड्रीत वरचं ब्लँकेट जळलं, विरलं की काढून टाकतात आणि नवं घालतात. या घरात तसं कधी झालं नाही. बाबांचा नियम होता : खालचं काढायचं नाही, वर घाला. त्यामुळे टेबल वर्षावर्षाला उंच होत गेलं. थोरली लग्न होऊन आली तेव्हा ते तिच्या कमरेला लागायचं, आणि आता ती पायाखाली फळी घेऊन उभी राहायची. धुतलेला कपडा हातात देताना बाबा प्रत्येकाला "जपून हं" म्हणायचे, म्हणून गल्लीने त्यांना जपूनशेठ नाव ठेवलं होतं. पाठीमागे चिक्कूही म्हणत. जुनी ब्लँकेटं फेकवत नाहीत असल्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

थोरलीला मात्र ते टेबल हवंच होतं. धाकट्याने तिला आपल्या घरी राहायला बोलावलं होतं, आणि मनापासून बोलावलं होतं. पण दिराच्या घरी खोली मिळाली म्हणजे पुढे काय होतं हे तिने पुष्कळ घरांत बघितलं होतं. तिने दोन गल्ल्या सोडून एक खोली भाड्याने बघितली, खाली रस्त्याला लागून, आणि तिथे स्वतःची इस्त्री लावायची ठरवली. टेबल असलं की तिचं सगळं होतं.

आणि आज ते टेबल दारातून बाहेर निघत नव्हतं.

"हे आतच बांधलंय बाई," सुतार दोन्ही बाजूंनी माप घेऊन म्हणाला. "एक तर टेबल कापा, नाहीतर दार."

"दाराला हात लावायचा नाही," धाकटा म्हणाला. "दुकान आहे तसं द्यायचं बोललोय मी."

"मग फळी सुटी करू. पण स्क्रू वरून असणार. ही सगळी गादी उचलावी लागेल."

थोरलीचा हात नकळत गादीवर गेला. "उचलायलाच पाहिजे का?"

"अगं वहिनी," ताई म्हणाली, "बाबा काय आता बघायला येतायत? काढ, मी धरते तुझ्याबरोबर."

वरची पांढरी चादर निघाली. तिच्याखालचं करडं ब्लँकेट थोरलीने स्वतःच घातलेलं. त्याच्याखाली तपकिरी, आणि त्यावर इस्त्रीचा अख्खा ठसा, काळा आणि टोकदार. तो बघून थोरली क्षणभर थांबली. मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा थोरला इस्त्री तशीच टाकून दवाखान्यात पळाला होता. शेजाऱ्यांनी धूर बघितला म्हणून दुकान वाचलं. दवाखान्यात त्याच्या अंगाला जळक्या लोकरीचा वास येत होता आणि तो तसाच मुलीला घेऊन उभा होता. ती मुलगी आता लांब सासरी. तिने त्या ठशावरून बोट फिरवलं आणि ब्लँकेट बाजूला घडी करून ठेवलं. रडू येत होतं, पण सुतारापुढे तिला रडायचं नव्हतं.

पुढच्या निळ्या ब्लँकेटवर तर ठसेच ठसे.

"हे साहेबांचं!" ताई ओरडली. घरात धाकट्याला साहेब म्हणायची ती एकटीच. "शाळेच्या सुट्टीत याला इस्त्री करायला टेबलाशी उभा केला होता. त्याच दिवशी बाबा आईला म्हणाले, याला भरपूर शिकवा, नाहीतर हा आपल्याला भिकेला लावेल."

धाकटाही हसला. एकेक थर निघत होता आणि एकेक जुनी गोष्ट वर येत होती, आणि बऱ्याच दिवसांनी ही चार माणसं एकमेकांशी धड बोलत होती. सगळ्यांत खाली दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा निघाला. त्याच्याखाली मेणकापड, कडा नीट आत दुमडून चहूबाजूंनी टाके घातलेलं. टाके उसवल्यावर आतून वाळकी, चपटी झालेली पानं सांडली.

ताईने एक पान उचलून नाकाशी नेलं. "तंबाखू! अगं, आई जन्मभर यावरून त्यांच्याशी भांडली. खिशात पुडी सापडायची, तोंडाला वास कधी नाही. तिला वाटायचं, चोरून ओढतात."

"कापड खाणारी कसर लागू नये म्हणून घालतात तंबाखू," थोरली म्हणाली. "लोकरीचं काही ठेवायचं असलं की."

मग तिने आणि ताईने मेणकापड दोन टोकांना धरून उचललं, आणि सुतारसुद्धा हातातला स्क्रूड्रायव्हर घेऊन तसाच उभा राहिला.

खाली एक बाग होती. सबंध टेबलभर विणलेली बाग. हिरव्या रंगाचे इतके हिरवे असतात हे थोरलीला, जन्म कपड्यांत जाऊनही, माहीत नव्हतं. झाडाच्या एकेका पानात दोरा उजेडाकडून सावलीकडे जात होता. फांदीवर एक पक्षी मान वळवून आपल्याच पंखात चोच खुपसून बसला होता. खाली दोन हरणं पाणी प्यायला वाकली होती, एकाचे कान टवकारलेले, म्हणजे कुणीतरी येत असणार. आणि झाडांमधून एक नदी वळत वळत आली होती, निळी, पांढरी, मध्येच रेशमाने चमकणारी, आणि उजव्या काठाशी येऊन चित्राबाहेर निघून गेली होती. लाल रंग तर आत्ता रंगवून काढल्यासारखा ओला वाटत होता.

थोरलीने आधी तिच्या धंद्यातलं बघितलं. तिने कडेला डोळा लावून कापडाच्या पातळीत नजर टाकली. एक सुरकुती नव्हती.

"आई गं," ताई एवढंच म्हणाली.

दारातून आवाज आला, "माझा काळा कोट झाला का हो? संध्याकाळी मला..." आणि आवाज तिथेच थांबला.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या म्युझियमवाल्या बाई होत्या. जुन्या कापडांचं सगळं दालन त्यांच्या ताब्यात. वर्षानुवर्षं त्या कोट द्यायला यायच्या, या टेबलावर कोपर टेकायच्या आणि थोरलीशी अर्धा तास गप्पा मारून जायच्या. आज त्या टेबलाजवळ आल्या, पण कोपर टेकलं नाही. हातातली अंगठी काढली, घड्याळ काढलं, दोन्ही पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "मला आधी हात धुवायला पाणी द्या."

हात कोरडे करून त्या टेबलाच्या उजव्या बाजूला गेल्या आणि नदी जिथे चित्राबाहेर जात होती तिथे वाकल्या.  वर बघितलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"ही नदी मी ओळखते," त्या म्हणाल्या. "हिचा पुढचा भाग आमच्याकडे आहे. आमच्या मोठ्या दालनात. डाव्या काठातून नदी येते, कुठून येते कुणालाच माहीत नाही. मी नोकरीला लागले तेव्हापासून ती बघते आहे. जोडीचा पडदा हरवला असं सगळ्या पुस्तकांत लिहिलंय." त्या मध्येच हसल्या. "आणि मी त्याच्यावर कोपर टेकून तुम्हाला हवापाण्याच्या गोष्टी सांगत होते!"

"म्हणजे जुनं आहे?" धाकट्याने विचारलं.

"फार जुनं. आणि हे असं हातमागावर विणायला किती जणांचे डोळे गेले असतील, देव जाणे. हा पक्षी बघा. एवढ्याशा चोचीसाठी विणणाऱ्याने दोरा बदललाय. कुणी बघणार नाही हे माहीत असून बदललाय." त्यांचं बोट कापडापासून वीतभर वर हवेतच फिरत होतं. "आमचा भाग कुणीतरी घडी करून पेटीत ठेवला होता. त्या घड्या काही केल्या जात नाहीत. रंगही उडालाय, उन्हात टांगला होता मधली काही वर्षं. आणि हा? याला ना ऊन लागलं, ना कसर, ना घडी. कुणी ठेवला होता हा असा?"

"इस्त्रीवाल्याने," थोरली म्हणाली. अभिमान तिला लपवता आला नाही.

"आणि याची किंमत..." धाकटा म्हणाला.

"आकडा सांगणं माझं काम नाही. पण तुम्ही हे दुकान विकताय ना? हे कापड विकलंत तर असली दुकानं रांगेने घेता येतील."

सुताराने हळूच स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि आपण चहा पिऊन येतो असं सांगून तो बाहेर पडला. शहाणा माणूस.

*

धाकट्याच्या मनात पाप नव्हतं. हे त्याने स्वतःला दोनदा सांगितलं. तो विम्यात काम करत होता, आणि जिन्नस कशाकशात मोडतो हे बघायची त्याला सवयच होती. टेबल म्हणजे काय? चार पाय आणि फळी. कापड म्हणजे टेबल नव्हे. साधी गोष्ट आहे.

त्याने ती साधी गोष्ट बोलून दाखवली.

"वहिनी, गैरसमज करून घेऊ नका. टेबल तुमचंच आहे. पण हे कापड बाबांचं. बाबांचं म्हणजे सगळ्यांचं."

"आणि गादी?" ताईने विचारलं.

"गादी वहिनींची."

"मग गादीतलं सगळ्यांत खालचं ब्लँकेट सगळ्यांचं आणि वरची जळकी तिची, असं का?"

"ताई, हे ब्लँकेट आहे का?"

"तू काय म्हणाला होतास? वरच्या चिंध्यांसकट घ्या. तूच म्हणाला होतास. आठवतंय ना, का तेव्हाही खोकत होतास?"

धाकट्याने बायकोकडे बघितलं. हिशेबाला ती त्याच्याहून पक्की होती आणि आजवर नणंदेच्या बाजूने एकदाही बोलली नव्हती. त्याला वाटलं, ही सांभाळून घेईल.

"अहो, म्हणाला होतात खरं," धाकटी म्हणाली. "मी होते तिथे."

"तू कपाटात डोकं घालून बसली होतीस!"

"कान बाहेर होते माझे." तिने थोरलीकडे न बघता पदर सारखा केला. "आणि हे बघा, आज टेबलावरचं वेगळं काढलंत तर उद्या कपाटातलं वेगळं निघेल. मी चमचे परत द्यायची नाही. एकदा दिलं ते दिलं. जाऊबाईंनी मागितलं तेव्हा त्यांना तरी कुठे माहीत होतं? आपण हसलो, त्या गप्प बसल्या. आता त्यांचं नशीब उघडलं तर उघडू दे की."

सुरुवात चमच्यांपासून झाली होती, पण शेवटचं वाक्य तिला स्वतःलाही अनपेक्षित असावं, कारण ते बोलून ती एकदम लाल झाली.

धाकटा खिडकीशी गेला. समोरच्या फुटपाथवर सुतार चहा पीत होता. धाकट्याला शाळेची फी आठवली, कॉलेजची आठवली. ती याच टेबलावरून आली होती. बाबा गेल्यावर थोरल्याच्या हातची इस्त्री आणि वहिनीच्या हातच्या घड्या, यांतून त्याचं शेवटचं वर्ष पार पडलं होतं. याबद्दल वहिनीने आजवर चकार शब्द काढला नव्हता. आत्ताही ती नुसती त्या हरणांकडे बघत उभी होती. तिने भांडण केलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं.

"ठीक आहे," तो खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला. "वहिनींचं आहे. सगळं. मी बोललो ते विसरा."

"विसरणार नाही," ताई म्हणाली, "पण दर वेळी काढणार नाही, एवढं बघीन."

*

ताईला आनंद झाला होता. तो तिच्या पोटात मावत नव्हता. बाबांनी तिचं लग्न लावून दिलं तेव्हापासून या दुकानावर तिचा हक्क असा नव्हताच, पण वास होता. वाफेचा, स्टार्चचा, गरम कापसाचा. दुकान जाणार म्हणून ती रात्ररात्र तळमळत होती आणि हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"वहिनी," ती थोरलीच्या कानाशी म्हणाली, "अगं, आता खोली कशाला? हे दुकानच तू घेशील. घेणाऱ्याला नाही म्हणून सांगू. पाटी तीच ठेवू. मी येऊन बसेन गल्ल्यावर."

थोरलीने तिच्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर जे उमटलं ते बघून ताईला कळलं की हे तिच्याही मनात कधीचंच येऊन गेलंय. ती खोली, ते टेबल, हे सगळं उसनं अवसान होतं. तिला हेच दुकान हवं होतं. थोरला इथेच समोर उभा असायचा.

म्युझियमवाल्या बाई म्हणाल्या, "कड आत दुमडलेली दिसते. उलगडून बघूया का? हळू. तुम्हीच उलगडा, तुमचा हात कापडाला ओळखतो."

थोरली टेबलाच्या डाव्या कोपऱ्याशी गेली. दुमड उचलली. कापडाची मागची बाजू वर आली, दोऱ्यांच्या गाठींनी भरलेली. आणि थोरलीचा अंगठा एकदम त्या कोपऱ्यावर बसला, बसला तो तिथेच राहिला.

बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. ताईच्या आलं, कारण ती लहानपणी याच टेबलाखाली बसून एकच काम करायची. कपडा धुवायला आला की बाबा त्याच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने खूण घालत. कुणाची फुली, कुणाचा त्रिकोण, कुणाचे दोन उभे टाके. आणि दोऱ्याचं एक टोक बोटभर लांब सोडत. त्याला ते शेपूट म्हणत. गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं की त्याच्यासमोर शेपूट कापायचं, मग कपडा त्याच्या हातात. शेपूट कापायची कात्री ताईच्या हातात असायची. शेपूट आहे तोवर कपडा गिऱ्हाइकाचा, बाबा म्हणायचे, आपण नुसते राखणदार.

थोरलीच्या अंगठ्याखालून लाल दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं. बोटभर लांब.

 ताईने धाकट्याकडे बघितलं. तो खिडकीशी. त्याला शाळा-कॉलेजात शिकवला होता, त्याला शेपूट ठाऊक नव्हतं. धाकटीला ठाऊक असण्याचा प्रश्न नव्हता. बाईंची नजर पक्ष्यावर. या खोलीत ते टोक वाचता येणाऱ्या दोघीच होत्या. आणि थोरलीच्या कमरेला, रोजच्यासारखीच, नाडीने बांधलेली छोटी कात्री लोंबत होती.

काप, ताई मनात म्हणाली. वहिनी, काप. एवढा एक दोरा. तुला आयुष्यात कुणी काही दिलं नाही. ज्याचं होतं तो कधीच मातीला मिळाला असेल. मी बोलणार नाही, मरेपर्यंत बोलणार नाही. काप आणि दुकान घे.

थोरलीने मान वर केली आणि सरळ ताईच्या डोळ्यांत बघितलं. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिचा डावा हात कात्रीकडे गेला. कात्री हातात आली.  थोरली ती कात्री नुसती धरून उभी राहिली, जशी पुढे गिऱ्हाईक उभं असलं की धरायची. पुढे कुणीच नव्हतं.

तिने कात्री सोडली. अंगठा उचलला.

"वन्सं," ती म्हणाली, "शेपूट आहे."

 ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"कसलं शेपूट?" धाकटा वळला.

मग त्याला सांगावं लागलं. थोरलीने सांगितलं, अगदी साध्या शब्दांत, एखाद्या नव्या पोरीला काम समजावून द्यावं तसं. कुणीतरी हे धुवायला, साफ करायला आणून दिलं होतं. खूण कुणाची ते आता कळायचं नाही, असली खूण तिने कधी पाहिली नव्हती. याला घडी घालायची नाही हे मामंजींना कळलं असणार. दुकानात घडी न घालता एवढं कापड ठेवायला एकच जागा होती. म्हणून वर मेणकापड घातलं, पाणी झिरपू नये म्हणून. नमदा घातला, इस्त्रीची धग लागू नये म्हणून. माणूस आज येईल, उद्या येईल. आला नाही.

"आणि त्यांनी सांगितलं का नाही कुणाला?" धाकटीने विचारलं.

"सांगितलं असतं तर राहिलं असतं का?" ताई म्हणाली. ती आता उघड रडत होती. "खालचं काढायचं नाही. अख्खी गल्ली त्यांना चिक्कू म्हणाली. आई म्हणाली. मीही म्हणाले गं. जुन्या ब्लँकेटांवर जीव आहे म्हाताऱ्याचा, असं म्हणायचो आपण."

धाकटा टेबलापाशी आला. त्या बोटभर दोऱ्याकडे त्याने वाकून बघितलं. "वहिनी, तो माणूस गेला असेल कधीच."

"मग त्याचं कुणी असेल."

"आणि कुणीच नसेल तर?"

"तर नसेल. पण आपलं कसं होईल ते, भाऊजी?"

 विम्याच्या सगळ्या कागदांत मिळून याला कलम नव्हतं. तो खुर्चीवर बसला आणि एकाएकी त्याच्या मनात आलं की मगाशी 'वहिनींचं आहे' असं म्हणताना आपण फार मोठं मन केलं असं आपल्याला वाटलं होतं. त्याला स्वतःचं हसू आलं आणि वहिनीबद्दल मनापासून आदर वाटला.

 म्युझियमवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "मला बोलायचा हक्क नाही. पण याला इथे ठेवता यायचं नाही. आमच्याकडे राहू शकतो. तुमची ठेव म्हणून. कुणी खरा वारस आलाच तर त्याला मिळेल. मी लिहून देते."

"लिहून नको," थोरली म्हणाली. "भिंतीवर लावाल ना? दिसेल असा?"

"दोन्ही शेजारी शेजारी. नदीला नदी लावून."

"मग न्या. इथे टेबलावर कोण बघणार होतं? तिथे त्याचं माणूस कधीतरी येईल, बघेल, ओळखेल." ती पुढे म्हणाली, "फक्त शेपूट कापायचं नाही. ते आमचं काम आहे."

बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. काळा कोट त्या दिवशी न्यायचा राहिलाच.

सुतार चहा पिऊन परत आला तेव्हा धाकटा कोट काढून, बाह्या वर करून दाराच्या चौकटीशी उभा होता.

"टेबल नाही कापायचं," तो म्हणाला. "दार कापा."

"साहेब, तुम्हीच तर म्हणालात दुकान आहे तसं..."

"घेणाऱ्याला मी बघतो. पहार द्या इकडे."

ज्याने आयुष्यात एक शर्ट धड इस्त्री केला नव्हता, त्याने चौकटीची पहिली फळी स्वतः उखडली, अंगठा ठेचून घेतला आणि एकदाही कण्हला नाही. टेबल अख्खं बाहेर निघालं. थोरलीच्या खोलीत ते लागलं तेव्हा उघडं, बुटकं दिसत होतं. जुनी ब्लँकेटं परत घालायची नाहीत असं तिने ठरवलं होतं, फक्त तपकिरी तेवढं उशाशी ठेवलं. संध्याकाळी धाकटी आली. हातात कोरं, जाड, महागातलं ब्लँकेट, घरातलं पाहुण्यांसाठी ठेवलेलं.

"पहिलं माझं घाला," ती म्हणाली, आणि चहाला न थांबता गेली.

*

थोरलीच्या इस्त्रीला आठवड्याची सुट्टी असते त्या दिवशी ती म्युझियममध्ये जाते. दारावरच्या रखवालदाराला ती आता पाठ आहे. तो हात पुढे करतो, ती कमरेची कात्री सोडून त्याच्या हातात देते, तो तिला टोकन देतो. एकदा त्याने विचारलं, बाई, दर वेळी आणता कशाला मग? ती म्हणाली, लागेल एखाद वेळी.

मोठ्या दालनात आता नदी अखंड वाहते. एका अर्ध्यात ती थोडी फिकी आहे आणि घड्यांवरून अडखळते, दुसऱ्या अर्ध्यात लख्ख. कान टवकारलेलं हरीण कुणाकडे बघत होतं तेही आता कळतं : फिक्या अर्ध्यात, नदीच्या वरच्या काठाने, एक बाई घागर घेऊन येते आहे. लोक समोर येतात आणि बोलायचे थांबतात. धाकटा ऑफिसच्या पाहुण्यांना घेऊन येतो आणि खालच्या कोपऱ्यातलं लाल शेपूट दाखवून, आमच्या बाबांचं काम, असं सांगतो. मालकाचं नाव काय लिहायचं असं बाईंनी विचारलं होतं, तेव्हा थोरलीने सांगितलं ते त्यांनी पाटीवर तसंच लिहिलं आहे : 'गिऱ्हाइकाचं. न्यायचं राहिलं आहे.'

थोरली समोरच्या बाकावर बसते. कापड ती येताना एकदा डोळे भरून बघून घेते, मग वळून बसते आणि येणाऱ्या माणसांची तोंडं बघते.

आज एक म्हातारी आली. काठी टेकत, एकटीच. नदीपुढे उभी राहिली ती हललीच नाही. मग वाकून तिने तो कोपरा बघितला, पाटी वाचली, पुन्हा कोपरा बघितला.

थोरली उठली. पदर सारखा केला. जवळ जाऊन हळूच विचारलं, "तुमचं आहे का हो?"

"माझं?" म्हातारी दचकून हसली. "नाही हो. माझं कुठून असणार एवढं सुंदर!"

"बरं, बरं. बघा सावकाश," थोरली म्हणाली, आणि सवयीने पुढे म्हणून गेली, "जपून हं, पायरी आहे तिथे."

ती परत येऊन बाकावर बसली. टोकन मुठीत होतं, आणि दारातून आणखी माणसं येत होती.